लोकरीची टोपी, मे महिना

सीताबर्डीच्या फुटपाथवर
भर मे महिन्यात मी लोकरीची टोपी मागितली
तेव्हा गाठोड्यावर बसलेला म्हातारा हसला.
"सिस्टर, उन्हानं डोकं फिरलं का?"
मग पार तळातून, डांबरगोळ्यांच्या वासासकट
काढून दिली एक. लाल. कानांवर गोंडे.
वीस रुपये. घासाघीस केली नाही.

बाहेर पंचेचाळीस.
वॉर्डात रमोतीच्या काखेत
चौतीस पूर्णांक आठ.

हे कुणाला पटत नाही.
नव्या शिकाऊ डॉक्टरनं तर थर्मामीटर तीनदा लावून पाहिला.
शहर भाजत असताना
एक दीड वर्षाचं अंग गार पडतं,
कारण जाळायला आत काही उरलेलं नसतं.

तिच्या बाजूचा कूलर बंद केला.
शेजारच्या आया कुरकुरल्या,
मग पदरानं वारा घेत गप्प झाल्या.
सुनकीनं पोर उघड्या छातीशी धरलं, वरून शाल,
आणि तिचा घाम हनुवटीवरून ओघळून
लाल गोंड्यात जिरत राहिला.

दर दोन तासांनी पंचावन्न मिली.
वाटीनं, घोट घोट,
थकली तर नाकातल्या नळीनं.
रात्रीचे बारा, दोन, चार.
"एवढुसंच काहून जी?
उपाशी पोट्टीले असं मोजून देते का कोनी?"
मी पुस्तकातलं सांगू लागले : मीठ, काळीज, यकृत.
ती ऐकत होती माझ्या तोंडाकडे बघत,
आणि मधेच म्हणाली,
"म्हंजे इस्तो इझत आला का बाई,
त एकदम लाकूड नाही घालत.
आंधी काडी. मंग पऱ्हाटी."
होय, तेच.
त्यानंतर दोनचा गजर माझ्याआधी तिला ऐकू यायचा.

देवलापारच्या पलीकडचं गाव.
तेंदूचा हंगाम ऐन भरात, आणि ही इथे.
सत्तर पानांचा एक पुडा,
डोळे मिटून बांधते म्हणाली.
हिशोब तिला कळतो.
म्हणूनच चौथ्या दिवशी काट्यावर
सहा चारशेचे पाच नऊशे झाले
तेव्हा तिनं पिशवी भरली.

"दवाखान्यात आणली त घटली पोरगी.
गावात त सारे म्हणत, गुबगुबीत आहे."

मी तिचा अंगठा धरला, तेंदूनं काळा पडलेला,
आणि रमोतीच्या पावलावर दाबला.
पहिल्या दिवशी इथे खड्डा पडला होता,
ओल्या मातीत पडावा तसा, उठता उठत नव्हता.
आज कातडी हळूच वर आली.
पाणी होतं ते, सुनकी. पाणी चाललंय.
तुझी पोरगी आत्ता कुठे दिसायला लागलीय, एवढीशी.

पटलं की नाही कोण जाणे.
पिशवी खाटेखाली गेली,
पण गाठ तिनं सोडली नाही.

पाच नंबरचा मुलगा त्याच रात्री गेला.
त्याची आई आवाज न करता चादर घडी करत होती,
चारही कोपरे जुळवून.
माझ्याकडे तेव्हा टोपी एकच होती.

नवव्या रात्री, तीन वाजून गेलेले,
अजनीच्या यार्डात इंजिन भुंकलं,
आणि रमोतीनं डोळे उघडून
दोन्ही हातांनी गोंडे ओढले,
टोपी उपटली आणि फेकली खाली,
आणि रडली,
अशी रडली की सगळा वॉर्ड उठून बसला.

"उकडून रायलं तिले," सुनकी म्हणाली.
आणि पुन्हा म्हणाली, "उकडून रायलं!"
जसं पोरीनं एखादं गाणंच म्हटलं होतं.

तक्त्यात यासाठी रकाना नाही.
मी लिहिलं : तापमान छत्तीस सात. दूध संपवलं.
कूलर लावला.

टोपी सकाळी धुऊन खिडकीच्या गजाला बांधली.
नागपूरचं ऊन, दहा मिनिटांत कोरडी.
लाल रंग थोडा गेलाय.
अकरा वाजता पारशिवनीहून एक गाडी यायची आहे.